भट्टीची पाचवी

काचेचं काम करणारी बाई चहा मात्र स्टीलच्या पेल्यातून प्यायची. कुंदाताई आमच्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा शकूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, शोकेसमधले सोनेरी काठाचे काचेचे पेले बाहेर काढले. ते आमच्या लग्नात आले होते आणि तेव्हापासून त्या लायकीचं कुणी घरी आलंच नव्हतं. कुंदाताई म्हणाल्या, "वहिनी, स्टीलचा असेल तर द्या. काच हातात आली की मला कामावर असल्यासारखं वाटतं." शकूनं पेले परत आत ठेवले. तोंड फुगलं होतं तिचं. पण चहा संपल्यावर ही बाई स्वतः उठून मोरीत पेला विसळून आली, तेव्हा राग निम्म्यावर आला.

आमची नेरे गावातली कोंबड्यांची शेड रिकामी पडली होती. कोंबड्यांच्या धंद्यात हात पोळल्यावर मी पिरंगुटला एका कंपनीत स्टोअरला चिकटलो आणि तिथूनच रिटायर झालो. शेड मागायला येणारे सगळे दलाल. खोल्या पाडा, आयटीतल्या पोरांना द्या, हेच प्रत्येकाचं तुणतुणं. ही पहिलीच बाई, जिनं शेडकडे न बघता विचारलं, "वीज थ्री फेज आहे का?"

"आहे."

"जाते का?"

"जाते की."

"कधी?"

"बाई, ती काय सांगून जाते?"

यावर माणसं हसतात. त्या हसल्या नाहीत. मी विचारलं, इथं बनवणार काय? म्हणाल्या, "फुटणाऱ्या वस्तू."

मूळच्या मिरजेच्या. लग्न केलेलं नव्हतं. शकूनं पहिल्याच आठवड्यात तोंडावर विचारलं, "का वो केलं न्हाई?" तर म्हणाल्या, "भट्टीला सुट्टी नसते." शकूला हे फार पटलं. आमच्या लग्नात तिलाही अजून सुट्टी मिळालेली नाही, असं तिचं म्हणणं आहे.

गावात काचवाली आलीय म्हटल्यावर लोक तुटकी-फुटकी सामानं घेऊन येऊ लागले. कुणी खिडकीचं तावदान आणलं, कुणी ट्रॅक्टरच्या दिव्याची काच. एकजण तर चष्मा घेऊन आला आणि नंबर तपासा म्हणाला. कुंदाताई प्रत्येकाला त्याच आवाजात सांगायच्या, "मी काच करते, काचा बसवत नाही." लोकांना हा माज वाटला. "येवढी शिकलीय आन तावदान बसवता येईना," असं डेअरीवर बरेच दिवस चाललं होतं.

त्यांनी इथं पहिली वस्तू केली ती गोवरी. काचेची. शकूनं थापलेली गोवरी नेली, तिचा साचा केला आणि त्यात काच ओतली. काळपट हिरवी, जड, आणि वर शकूची पाची बोटं उमटलेली. शकूनं ती उलटी-सुलटी करून पाहिली.

"जळंल का ही?"

"नाही."

"मग थापली कशाला?"

"तेच अजून कळलेलं नाही," कुंदाताई म्हणाल्या. "कळलं की थांबेन."

त्या गोवऱ्या दिल्लीच्या कुठल्याशा प्रदर्शनाला गेल्या. माझ्या बायकोची बोटं दिल्ली बघून आली. बायको अजून लोणावळ्याच्या पुढं गेलेली नाही, आणि हे ती मला महिन्यातून एकदा तरी ऐकवते.

काही फुटलं की या बाईचा चेहरा खुलायचा. एकदा एक काचेचं सूप भट्टीतून काढून टेबलावर ठेवलं होतं. आम्ही बघतोय, कुणी हात लावलेला नाही, आणि सूप आपोआप टिचलं. दोन तुकडे. कुंदाताई म्हणाल्या, "चला, याची काळजी मिटली," आणि शेंगदाणे खात बसल्या. वस्तू धड असली की मात्र त्यांचं जेवणात लक्ष नसायचं. "फुटलेल्याला कोण फोडणार, भाऊ? धड आहे त्याचीच भीती," असं म्हणायच्या. मला अशा वेळी आमच्या भावकीची आठवण यायची.

कायदा त्यांचा एकच. काच वितळून साच्यात उतरली की ती आपणहून निवेपर्यंत भट्टीचं दार उघडायचं नाही. वारा लागला तर काच वरून निवते, आतून तापलेलीच राहते, आणि ती ओढाताण सहन न होऊन तडकते. वस्तू जेवढी जाड, तेवढे जास्त दिवस. एकदा लवळ्याच्या टेकडीवरच्या कॉलेजातून पोरं भट्टी बघायला आली होती, सोबत त्यांचे सर. सरांनी बोलता बोलता भट्टीच्या कडीला हात लावला. उघडली नाही, नुसता लावला.

"सर, तुम्ही बाहेर बसा," कुंदाताई म्हणाल्या. "पोरं राहू देत."

सर हसले. कुंदाताई हसल्या नाहीत. मग सर मुकाट बाहेर शेवग्याखाली जाऊन बसले आणि शकूनं त्यांना पोहे दिले. आत कुंदाताई पोरांना सांगत होत्या, "दार उघडल्याशिवाय ज्याला राहवत नाही, त्यानं दुसरा धंदा बघावा." हे वाक्य त्या कॉलेजात फार गाजलं म्हणे.

पुढं आमच्या भावाभावांत वाटण्या झाल्या. शेडची बाजू धाकट्याकडं गेली आणि त्यानं ती बिल्डरला दिली. पावसाळ्याआधी शेड मोकळी करायची ठरलं. भट्टी विटांची, बांधून काढलेली, ती काही उचलून नेता येत नव्हती. कुंदाताईंना हे सांगायची पाळी माझ्यावर आली. त्या म्हणाल्या, "बरं. मिरजेला बहीण आहे." एवढंच. मी चार वाक्यं पाठ करून गेलो होतो, ती तशीच परत आणली.

आणि नेमकं तेव्हाच टेकडीवरच्या त्याच कॉलेजच्या नव्या गॅलरीतून बोलावणं आलं. ती गॅलरी रेवती मॅडम चालवायच्या. पुण्याच्या, बोलायला मऊ, नकार द्यायला त्याहून मऊ. तोवर कुंदाताईंचं काम मुंबई-दिल्लीला जायचं ते दहाजणांच्या प्रदर्शनात, कोपऱ्यात. निव्वळ त्यांच्या एकटीच्या नावाचं प्रदर्शन कधी झालंच नव्हतं. मॅडमची अट एकच. दालनाच्या मधोमध ठेवायला एक मोठं काम हवं. ते नसेल तर प्रदर्शन नाही.

त्या संध्याकाळी कुंदाताई आमच्या ओट्यावर बसून शकूला मटार सोलू लागत होत्या. खाली बघूनच म्हणाल्या, "माझं एकटीचं एक व्हावं असं फार वाटतं, भाऊ." 'फार' हा शब्द त्यांच्या तोंडून मी तेवढाच ऐकला.

मोठ्या कामासाठी त्यांनी आमची डोण निवडली. गुरांना पाणी पाजायची दगडी डोण. म्हशी विकल्यापासून ती अंगणात पालथी पडली होती. कुंदाताईंनी ती सुलटी करून घासली, तिचा साचा केला, आणि तशीच्या तशी काचेची डोण ओतायला भट्टी पेटवली. त्या भट्टीचं ते शेवटचं काम. बिघडलं तर दुसरं करायला ना दिवस होते, ना भट्टी राहणार होती. आम्हा तिघांनाही हे माहीत होतं.

काच साच्यात उतरली, त्या दिवशी शकूनं विचारलं, "आता म्हैनाभर दार उघडायचं न्हाई म्हंजी काय?"

कुंदाताई दमल्या होत्या. म्हणाल्या, "बाळंतीण आहे समजा, वहिनी. वारा लागता कामा नये."

हे बोलायला नको होतं. शकूनं ते अक्षरशः घेतलं. दुसऱ्या दिवशी शेडच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा. सांज-सकाळ ओव्याची धुरी. शेडसमोरून पुतण्यानं मोटारसायकल नेली तर ती बंद करून ढकलत न्यायला लावली. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू केले आणि भट्टीला खाता येत नाही म्हणून ते कुंदाताईंना चारले. कुंदाताईंनी एका शब्दानं हरकत घेतली नाही. लाडू त्यांना आवडत होते.

आणि मग आली पाचवी. लेकरू जन्मलं की पाचव्या दिवशी सटवाई येते आणि कपाळावर नशीब लिहून जाते, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. शकूनं भट्टीपुढं पाटा मांडला, हळद-कुंकू वाहिलं, कोरा कागद आणि पेन ठेवलं.

"हे काय?" कुंदाताईंनी विचारलं.

"सटवाई लिवनार."

कुंदाताईंनी कागदाकडं पाहिलं. "मोठा ठेवा थोडा," म्हणाल्या, आणि काहीतरी सामान आणायला हिंजवडीला गेल्या.

आता पाचवीच्या दिवशी लेकराला तीट लावल्याशिवाय कशी राहील शकू? दिवेलागणीला ती काजळाची डबी घेऊन शेडमध्ये गेली. वारा लागू द्यायचा नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिनं धनगरवाड्यावरून आणलेलं जाड घोंगडं डोक्यावरून घेतलं, भट्टीच्या दाराभोवती आडोसा केला आणि दार उघडलं. जरासंच. लेकराचं तोंड दिसण्यापुरतं. आतून जो जाळ आला त्यानं तिची उजवी भुवई गेली. घाबरून तिनं दार लोटलं, काजळाचं बोट दाराच्या पत्र्यालाच पुसलं आणि घरी आली.

मला ती म्हणाली, गॅस भडकला. मी म्हणालो, जपून. बायकोचा चेहरा नीट बघायची सवय सुटलेली असते माणसाची. कुंदाताई आल्या, त्यांनी मात्र दारातूनच पाहिलं.

"वहिनी, भुवई?"

"ग्यास भडाकला."

"हं," कुंदाताई म्हणाल्या आणि शेडकडं गेल्या.

त्यानंतर शकूचं काहीतरी बिनसलं. भाजीत मीठ दोनदा. डोणीचा विषय निघाला की उठून जायची. मला वाटलं, शेड जाणार म्हणून मन लागत नसेल. शेवटी भट्टी उघडायच्या आदल्या दिवशी ती कुंदाताईंपुढं जाऊन उभी राहिली. मी तिथंच होतो.

"ताई, दार म्या उघडलं हुतं. पाचवीला. तीट लावाया."

"माहीत आहे," कुंदाताई म्हणाल्या. "भट्टीच्या दाराला काजळ आहे."

"मग बोलला का न्हाई?"

"बोलून काच ऐकते का? आणि तुम्ही तरी किती रडला असता?"

शकूला जितकं रडायचं होतं तितकं ती तिथंच रडली. मला काय करावं कळेना, म्हणून मी पाणी आणायला गेलो आणि जरा उशिरानंच परत आलो.

दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. साचा फोडला. आत डोण होती. हिरवट, पाण्यासारखी, आणि काठापासून पोटापर्यंत गेलेली एक चीर. तुटली नव्हती, पण तडकली होती. मी वाट बघत होतो, त्या म्हणतील, काळजी मिटली. त्या म्हणाल्या नाहीत. चिरेवरून बोट फिरवत बराच वेळ बसून राहिल्या. फार वाईट वाटलं मला. आपल्या घरातलं कुणी गेल्यावर वाटतं तेवढं, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

दुपारी रेवती मॅडम आल्या. डोण पाहून त्यांनी आधी कपाळाला हात लावला, मग आवाज मऊ केला. "कसं झालं हो हे?"

शकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिचं तोंड उघडायच्या आत कुंदाताई म्हणाल्या, "मी दार उघडलं. राहवलं नाही."

"तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. "तुम्ही तर आमच्या सरांना..."

"हो. मीच."

आयुष्यभराची अब्रू होती ती, आणि चहा गार व्हायच्या आत बाईनं ती देऊन टाकली. मॅडमनी हळू आवाजात सांगितलं की तडकलेलं काम मधोमध ठेवता येणार नाही, आपण थांबूया. थांबूया म्हणजे नाही, हे आम्हालाही कळत होतं.

रात्री शकू जेवली नाही. "ती माझ्यापायी खोटं बोलली," म्हणाली. "म्या काय चोर हाय का?" सकाळी उठून तिनं मला स्कूटर काढायला लावली. चांदे-नांदेवरून आम्ही टेकडी चढून गॅलरीत पोचलो. शकूनं दाराबाहेर चपला काढल्या. आत पॉलिश केलेल्या फरशीवर चार-पाच जणांची मीटिंग चालू होती, तिच्या मध्ये जाऊन ती उभी राहिली.

"दार त्यांनी न्हाई, म्या उघडलं. लेकराला तीट लावाया. ही बघा भुवई."

मग शकूनं सगळं सांगितलं. बाळंतीण, धुरी, पाटा, घोंगडं. रेवती मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लगेच वाळलं आणि त्या म्हणाल्या, "किती सुंदर! हे आपण बोर्डावर लिहूया." प्रदर्शन पुन्हा ठरलं. मोठ्या लोकांचं असं असतं. नुसती चीर असली तर खोट, गोष्टीसकट असली तर कला.

कुंदाताईंना हे कळलं तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "बोर्ड लागणार नाही. माझ्या कामाखाली मी वहिनींची चूक टांगणार नाही. प्रदर्शन नाही झालं तरी चालेल."

"आवो, पर चूक कुनाची?" शकू म्हणाली. "माझीच ना? मग टांगायची का न्हाई ते म्या ठरवनार. लिव्हा. नाव घाला, आडनावासकट." आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "मधी ह्यांचं नाव नको. ह्यांचा काय संबंध?"

कुंदाताई म्हणाल्या, "बरं."

कुंदाताई आता नाहीत. शेड पाडली, त्या मिरजेला गेल्या आणि तिथंच वारल्या. त्या नुसतं "बरं" म्हणून गेल्या असतील, अशी माझी खात्री आहे. त्यांची आठवण काढायची म्हटलं की मला प्रदर्शनाचा पहिला दिवसच दिसतो.

पुण्याची माणसं आली होती. काळे कपडे, हळू बोलणं, चिरेपुढं मान तिरकी करून उभं राहणं. कुंदाताई इस्त्रीचा लांब कुर्ता घालून एका खांबाशी उभ्या होत्या, चुकून आल्यासारख्या. तेवढ्यात बाहेर दोन टेंपो लागले. नेऱ्यातल्या बाया उतरल्या, धनगरवाड्यावरच्या उतरल्या. शकूनं घरोघर फिरून सांगितलं होतं, कुंदाताईचं बाळ बघाया चला. आणि बाळ बघायला रिकाम्या हातानं कुणी जात नाही. एकेक जण डोणीपाशी यायची, चीर बघायची, "आगं आई गं" म्हणायची आणि पिशवीतून आणलेलं डोणीत ठेवायची. टोपडी, झबली, खोबऱ्याची वाटी, गुळाचा खडा.

गॅलरीचा वॉचमन धावत आला. "हात लगाना मना है!"

"हात कुटं लावतुया?" धनगरवाड्याची ठकूबाई म्हणाली. "टोपडं ठिवतुया."

रेवती मॅडमनी कुंदाताईंकडं पाहिलं. "ठेवू देत," कुंदाताई म्हणाल्या. पुण्याच्या लोकांना हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. त्यांनी फोटो काढले.

मग शकूनं पिशवीतून नारळ, खण आणि तांदूळ काढले. माझ्या थोरल्या वहिनी लगेच पुढं झाल्या. "आगं, लगीन न्हाई झालेलं. वटी कशी भरतीस?"

"बाळंतीण हाय ती," शकू म्हणाली. "कळा हिनं दिल्यात, भट्टीनं न्हाई."

थोरल्या वहिनी गप्प झाल्या. हे मी आमच्या घरात पहिल्यांदाच पाहिलं.

कुंदाताईंनी इकडं-तिकडं बघितलं. "मला पदर नाही," म्हणाल्या.

"आसंल त्ये पसर."

त्यांनी कुर्त्याचा पुढचा घोळ दोन्ही हातांनी धरून पसरला. शकूनं त्यात नारळ ठेवला, खण ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले. मागच्या बाया एकेक मूठ घालत गेल्या. प्रमुख पाहुणे, फार मोठे चित्रकार म्हणे, अभिनंदन करायला हात पुढं करून आले. "हात रिकामे नाहीत," कुंदाताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आणि गालांवरून हनुवटीवर येत होतं आणि ते पुसायलाही हात रिकामा नव्हता. शेवटी शकूनं स्वतःच्या पदरानं त्यांचं नाक पुसलं.

"अजून किती जणी आहेत, वहिनी?"

शकूनं दाराकडं पाहिलं. "आख्खं गाव हाय."

"येऊ देत सगळ्या," कुंदाताई म्हणाल्या आणि कुर्त्याचा घोळ आणखी पसरला.